नळाची राखण

३ मार्च, सोमवार
आलं! चोवीस तास पाणी आलं! सासूबाई सारख्या नळ उघडतात, बंद करतात. आधी विहीर, मग हापसा, मग चौकातला नळ, मग घरातला — पण तो त्याच्या मर्जीने येणार. दोन-तीन दिवसांनी एकदा, कधी पहाटे, कधी भरदुपारी. म्हणून या घरात कायम एक बाई नळाच्या राखणीला. आधी त्या, मग मी.

डॉक्टरीणबाई दवाखान्यात केसपेपर लिहायला बोलावतायत. हे पाणी टिकलं तर पुढच्या सोमवारपासून जाईन. आठवडाभर या पाण्याची चाचणी आहे म्हणे.

५ मार्च
दुपारीच गावची टाकी रिकामी! कालही तेच. पाणीयोजनेचा इंजिनियर म्हणतो, "कुठेतरी मोठी गळती आहे." सापडली नाही तर पुन्हा जुनी पद्धत. म्हणजे मी पुन्हा नळापाशी. मोरीत उभी राहून रडले.

६ मार्च
सकाळी बघते तर सासूबाई भरलेलं पिंप ओततायत!

"अहो, काय करताय?"

"शिळं झालं ना कालचं. ताजं भरते."

जन्माची सवय — नळ आला की शिळं ओता, ताजं भरा. आता नळ रोजच आलेला! गच्चीवर जाऊन पाहिलं. गल्लीतली सगळी गटारं तुडुंब. गळती कसली, घरोघरी हाच उद्योग!

तशीच गावाला पाणी सोडणाऱ्या पाणीवाल्याकडे धावले. त्याने कपाळाला हात लावला. "आमच्याकडे आईसुद्धा ओततेय की!" मग भोंगा घेऊन गावभर फिरला — "भरून ठेवू नका, ओतू नका! पाणी कुठं पळून जात नाही!"

सासूबाई फुगल्या. "आणि उद्या नाही आलं तर?" शेवटी पिंप उपडं घातलं त्यांनी, पण आदळआपट करत.

८ मार्च
संध्याकाळीही टाकीत भरपूर पाणी. इंजिनियर चाचणी पास म्हणाला. सुटले बाई!

१० मार्च, सोमवार
दवाखान्यात पहिला दिवस. पहिल्याच पेशंटचं वय आणि वजन उलटसुलट लिहिलं. डॉक्टरीणबाई हसल्या. मीही हसले. किती हलकं वाटतंय!

१२ मार्च
घरी आले तर दाराला कुलूप! लग्न होऊन आल्यापासून या दाराला कुलूप पाहिलं नव्हतं. शेजारीण किल्ली घेऊन आली. "तुझ्या सासूबाई त्यांच्या बहिणीकडे गेल्यात. म्हणाल्या, लग्नानंतर पहिल्यांदा मुक्कामाला चाललेय."