बटणं आणि एक दात

मंगळवार, १४ तारीख

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण वाचनालयाचे जिने अजून चढते. वाचनकक्षाची फुटकी काच एकदाची बदलली. तू कशी आहेस हे सहा वर्षांनी विचारताना लाज वाटते, तरी विचारते. हे पत्र तुला औषधाच्या दुकानातले काका देतील. तिच्याच हातात द्या, सोबत कुणी असेल तर काढूच नका, असं त्यांना दोनदा बजावलंय. उभ्या उभ्या वाच आणि तिथेच फाडून टाक.

तुला हसू येईल, पण मी हल्ली शिकवते. दर गुरुवारी वाचनालयात म्हाताऱ्या मंडळींचा वर्ग असतो: फसवणुकीचा फोन कसा ओळखावा. फळ्यावर तीन खुणा लिहिते. समोरचा घाई करतो, घाबरवतो, आणि कुणाला सांगू नका म्हणतो. तिन्ही जुळल्या की फोन ठेवायचा. मग ज्याचं नाव सांगितलं त्याला आपण स्वतः गाठून खात्री करायची. एक निवृत्त मुख्याध्यापक येतात, ते सगळं वहीत उतरवून घेतात आणि माझ्या चुका काढतात.

गेल्या गुरुवारी वर्ग ऐन रंगात असताना माझाच फोन वाजला. अनोळखी नंबर. मंडळी खूश झाली. मी म्हटलं, चला, आयतंच प्रात्यक्षिक, आणि स्पीकर लावून फोन टेबलावर ठेवला.

"ताई, मी बोलतेय. फोन दुसऱ्याचा आहे, वेळ नाही गं. मला आजच निघायचंय. दोन दिवस ठेवून घेशील? त्याला कळलं तर माझं काही खरं नाही. कुणाला सांगू नकोस."

पहिल्या बाकावरच्या आजी बोटं मोजत होत्या. घाई, एक. भीती, दोन. तिसरं बोट उघडलं तसं सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी विचारलं, कोण बोलतंय?

तू म्हणालीस, "बटणं आणि माझा दात."

सगळे हसले. मी फोन कापला. टाळ्या वाजल्या.

नंतर मी स्वतःला सांगत राहिले की स्पीकर खरखरत होता, आवाज नीट कळला नाही. तुला पहिलं पत्र लिहिलं तेही असंच. दोन पानं झाल्यावर वाचून बघितलं आणि माझीच मला किळस आली. फाडून टाकलं.

आई-बाबा कामावर गेले की आपण आतून कडी लावायचो. नियम मीच काढला होता. बाहेरची जी असेल तिने डब्यात काय आहे ते सांगायचं, मगच कडी निघणार. आईचा बटणांचा डबा, आणि त्यात तू हट्टाने ठेवलेला तुझा पडलेला दात. एकदा तू बरोबर उत्तर दिलंस तरी मी गंमत म्हणून उघडलं नाही. पायरीवर बसून रडून रडून तुला उचकी लागली होती. हे उत्तर आपल्या दोघींखेरीज कुणालाच ठाऊक नाही.

खरं सांगू? उत्तराचीही गरज नव्हती. "ताई" म्हणालीस तेव्हाच मी तुला ओळखलं होतं.

सहा वर्षांपूर्वी तू मैत्रिणीकडे निघून गेलीस आणि तिचा पत्ता फक्त मला दिलास. दुसऱ्याच दिवशी तुझ्या नवऱ्याचा फोन आला. ढसाढसा रडत होता. तिने जिवाचं काही बरंवाईट केलं तर काय करू, आत्ताच्या आत्ता सांगा, आणि मी विचारलं हे तिला कळू देऊ नका, म्हणाला. मी पत्ता दिला. वर तुझा संसार सावरला म्हणून निवांत झोपले. तुझा हात प्लास्टरमध्ये आहे हे मला आठवड्याने परक्याकडून कळलं. फळ्यावरच्या त्या तीन खुणा मी कुठल्या पुस्तकातून घेतलेल्या नाहीत, ठमे.

गुरुवारी तुझा आवाज ऐकून मी घाबरले. आता ही सगळ्यांसमोर विचारणार, या वेळी तरी त्याला सांगणार नाहीस ना? तुझ्या जिवावर बेतलं होतं आणि मी माझी अब्रू सांभाळत होते. फळ्यावरचा नियम हाताशी होता, त्याच्यामागे लपले.

वर्ग सुटल्यावर मुख्याध्यापक मागे थांबले. "बाई, खात्री करायची राहिली," एवढंच म्हणाले आणि टोपी घालून गेले. त्या नंबरावर फोन करायला मला तरीही संध्याकाळ झाली. काकांनी उचलला. त्यांनी सांगितलं की तू तासभर त्यांच्या स्टुलावर बसून होतीस. फोन वाजला की उठायचीस. ताई परत करेल, म्हणत होतीस. मग तो दुकानात आला आणि तू सासूबाईंच्या गोळ्यांची पिशवी घेऊन त्याच्यामागून निघून गेलीस.

काका म्हणाले, गोळ्या दर पंधरवड्याला लागतात, म्हणजे तू येशील. आजपासून मी दिवस मोजतेय.

आता नीट वाच. माझ्या घरी येऊ नकोस, तो आधी तिथेच येईल. वाचनालयाच्या मागच्या जिन्याने वर ये. तिथली खोली मुख्याध्यापकांनी समितीकडून मागून घेतली. मला कारणही विचारलं नाही. खाट आहे, पंखा आहे, आतून कडी आहे. किल्ली पाकिटात आहे, तेवढी काढून घे. त्याचा फोन आला तर येऊ दे. रडणारा आवाज मलाही आता कळतो.

तू आलीस की वर्गाला सांगेन, तो फोन खरा होता, टाळ्या परत घ्या.

डबा खोलीतल्या खिडकीत ठेवलाय. बटणं थोडी कमी झालीत, दात आहे. पण ते तुला कुणी विचारणार नाही. दाराबाहेर उभं राहायची वेळ नको, म्हणून तर किल्ली पाठवतेय.

तुला पहिल्याच शब्दाला ओळखणारी,
ताई