आप्पांसाठी पन्नास वॉट

४ जानेवारी १९७६, रविवार

बॉक्स आले. दोन, हातगाडीवरून. गिरणीत नवे माग बसवायला आलेला जर्मन इंजिनिअर परत गेला आणि जाताना आपले हाय-फाय स्पीकर मला देऊन गेला. स्टोअरमध्ये बसून मी त्याला सगळे स्पेअर पार्ट वेळेवर दिले, त्याचं हे फळ. त्याचा अॅम्प्लिफायर मात्र पुण्याच्या कुणीतरी आधीच उचलला होता. हरकत नाही. अॅम्प्लिफायर काय, कुठंही मिळतो.

संकल्प. येत्या १४ मार्चला माझ्या आईला, अव्वाला, जाऊन वर्ष होईल. अव्वा रोज पहाटे एक कानडी वचन, अभंगासारखं, म्हणायची. त्याच वचनाची रेकॉर्ड मी हुबळीहून आणली आहे. आप्पा, माझे वडील, तेव्हापासून उंबऱ्याबाहेर पडलेले नाहीत. दिवाळीत एकदाच म्हणाले, बसू, ते एकदा ऐकायला मिळालं पायजे. मी शब्द दिला. १४ मार्चला आप्पा ते ऐकणार, आणि ऐकणार तर हाय-फायवरच.

पैशांचं या वहीत लिहायचं नाही, हा दुसरा संकल्प.

६ जानेवारी

रेकॉर्ड प्लेअर तसाच बॉक्सना जोडला. प्लेअरची स्वतःची ताकद तीन वॉट. डब्यात डास अडकल्यासारखा आवाज आला. आप्पांना ऐकू आलं नाही. येईल कसं? तीन वॉट!

बायको, कमलम्मा, म्हणाली, आप्पांना ऐकूच येत न्हाई ओ, कानाच्या डॉक्टरला दाखवा की. बायकांना टेक्निकल गोष्टी कळत नाहीत. तिच्यादेखत आप्पांसमोर उभा राहून हळूच विचारलं, चहा घेणार का? लगेच म्हणाले, साखर कमी घाला म्हणावं. चहाचं ऐकू येतं आणि गाण्याचं येत नाही, म्हणजे दोष कुणाचा? अॅम्प्लिफायरचा. सिद्ध झालं.

१० जानेवारी

थंडी. सकाळी तोंडाला मफलर गुंडाळून आप्पांशी बोललो, तर उत्तर नाही. मफलरने आवाज किती दबतो पाहा! बॉक्सवरचं कापडही काढून टाकलं.

१६ जानेवारी

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला जाऊन आलो. पाळण्यावाल्याचा कर्णा पार स्टेशनपर्यंत ऐकू येत होता. त्याच्या अॅम्प्लिफायरजवळ अर्धा तास उभा राहिलो. कमलम्मा आणि मुलं पाळण्यात बसली, उतरली, भजी खाऊन घरी गेली. मी हलत नाही म्हणून पाळण्यावाला चिडला.

मग विजापूर वेशीतल्या मकदूमकडे गेलो. रेडिओ दुरुस्तीत त्याच्या तोडीचा माणूस सोलापुरात नाही. बॉक्सच्या मागची पट्टी मी कागदावर उतरवून नेली होती. वाचून त्याने कपाळावर हात मारला. म्हणाला, साब, चार ओहम के बॉक्सां हैं, लई भूके रहते. इनकू बडा अॅम्प्लिफायर होना, छोटा लगाये तो जल जाता. मी म्हटलं, तूच बनव, दहा वॉटचा. दहा म्हणजे तीनच्या तिपटीहून जास्त. तो काहीतरी सांगत होता, पण मला गणित येतं.

२७ जानेवारी

मकदूमचा अॅम्प्लिफायर झाला. लाकडी पेटी, दोन बटणं, देखणा. चार मिनिटं वाजला. पाचव्या मिनिटाला धूर. ट्रान्झिस्टर गेले. आप्पांनी धूर बघितला आणि म्हणाले, गाणं लावायच्या आधी उदबत्ती लावली, बरं केलंस.

म्हणजे चार मिनिटं वाजलेलंसुद्धा ऐकू आलं नव्हतं. दहा वॉट पुरत नाहीत, हे नक्की झालं. प्रगती आहे.

२ फेब्रुवारी

ऑफिसात जुनं विलायती मासिक मिळालं. त्यात सगळं आहे. ऐकणाऱ्याने बॉक्सपासून आठ फुटांवर बसायचं आणि डोळे मिटायचे. आजवर आप्पा डोळे उघडे ठेवून बसत होते! त्यांच्या खुर्चीपाशी खडूने खूण केली.

स्पेअर पार्टच्या इंडेंटवर, म्हणजे मागणीपत्रावर, मी 'शटल, चार ओहम, दोन डझन' असं लिहिलं होतं. साहेबांनी बोलावून घेतलं. मी त्यांना डॅम्पिंग फॅक्टर समजावून सांगितला. त्यांनी दोन दिवस सुट्टी घ्या म्हटलं. समजूतदार माणूस.

८ फेब्रुवारी, रविवार

मंडपवाल्या बडेसाबचा अॅम्प्लिफायर एक दिवसासाठी आणला. लग्नात, निवडणुकीत वापरतात तो. मकदूम नको नको म्हणत होता, ये कर्णे का है, बॉक्स का नहीं. तरी त्याच्याकडून जोडून घेतला. आप्पा आठ फुटांवर, डोळे मिटून.

अव्वाचं वचन रॉकेल वाटपाच्या दवंडीसारखं वाजलं. चार घरच्या बायका डबे घेऊन दारात आल्या. कमलम्माने त्यांची समजूत घातली आणि मला जे बोलली ते या वहीत मावणार नाही. आप्पांना झोप लागली होती. इतक्या आवाजात! मग विचार केला आणि उलगडा झाला. आवाज मोठा होता, पण शुद्ध नव्हता, आणि आप्पांचे कान अशुद्ध आवाज आत घेत नाहीत.

घेतील कसे? अडतीस वर्षं लूम खात्यात जॉबर, म्हणजे मुकादम, होते. पाचशे माग एकदम धडधडतात तिथे कुणाला कुणाचं ऐकू येत नाही. ओठ हलवायचे, हाताने खुणा करायच्या, समोरच्याने ओठांवरून ओळखायचं. आप्पा तर वीस माग पलीकडच्या माणसाशी पोराबाळांच्या गप्पा मारायचे. अशा धडधडाटात अडतीस वर्षं काढली, म्हणजे ते कान किती तयार झाले असतील! तालमीत अंग तयार होतं तसे.

कमलम्मा म्हणाली, तयार न्हाई ओ, गेले. मी आज तिच्याशी बोलणार नाही.

१६ फेब्रुवारी

कमलम्माने पुरावा म्हणून आप्पांच्या पाठीमागे पितळी परात आपटली. आप्पा हलले नाहीत. त्यात काय? सुनेने भांडी आपटली की सासऱ्याने मान वळवायची नसते. घराण्याची रीत आहे.

गिरणीच्या भोंग्यालाही आप्पा आता उठत नाहीत, असं ती म्हणते. रिटायर माणसाने का उठावं?

२५ फेब्रुवारी, बुधवार

अठरा दिवस राहिले. मुंबईच्या एका दुकानाला पत्र टाकलं होतं, त्यांचं उत्तर आलं. पन्नास वॉटचा अॅम्प्लिफायर, प्रत्येक बॉक्सला वेगळे पन्नास, चार ओहमला चालेल, एसटी पार्सलने पाठवू. हाच तो. पहिल्या दिवसापासून मला हाच हवा होता.

(दुसरा संकल्प अजून पाळतो आहे. स्कूटरचा नंबर लागला होता तो सोडला, एवढंच लिहितो.)

३ मार्च

पार्सल नाही. आप्पा जेवताना म्हणाले, बसू, तुला लई त्रास व्हायलाय, ऱ्हाऊ दे की. मी म्हटलं, शब्द दिलाय. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. मग म्हणाले, तिचा आवाज आता मला आठवतबी न्हाई. घास तसाच ठेवून उठले.

मला रडू आलं. हे लिहायला नको होतं.

१० मार्च

पार्सल नाही. एसटी स्टँडवर चार वेळा गेलो. पार्सल क्लार्क मला लांबून बघूनच मान हलवतो. देवा सिद्धेश्वरा, पन्नास वॉट. जास्त मागत नाही.

१३ मार्च, शनिवार

आला! दोन माणसांनी उचलावा लागला. मकदूमने जोडला, हात लावून बघितला, म्हणाला, अब बॉक्सां का पेट भरेगा. आज वाजवायचा नाही. उद्याच.

१४ मार्च, रविवार. दुपारी ३

लिहितो.

सकाळी अव्वाच्या फोटोला हार घातला. आप्पा खडूच्या खुणेवर बसले, डोळे मिटले. रेकॉर्ड लावली.

असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. बाई खोलीत उभी राहून म्हणत होती. तिचा श्वास ऐकू येत होता. कमलम्मा पदर तोंडाला लावून दारात उभी राहिली. मकदूम टोपी सारखी करून खाली बसला.

पाच मिनिटांनी आप्पा डोळे न उघडता म्हणाले, लाव की आता.

मी बटण फिरवलं. अर्धं. पाऊण. पूर्ण. खिडकीचे गज थरथरले, फळीवरचा डबा पडला. आप्पा उठले, चालत बॉक्सपाशी गेले आणि त्यावर तळवा ठेवला, मागावर ठेवायचे तसा. म्हणाले, मशीन बरं चाललंय. गाणं कवा लावणार?

कमलम्मा माझ्याकडे बघत होती. आता तरी बोलायला हवी होती.

मला सगळं कळलं. तसं ते मला ६ जानेवारीलाच कळलं होतं, असं आता वाटतं. मी आप्पांच्या समोर गेलो. सांगायचं होतं, आप्पा, लावलंय, तुम्हाला ऐकू येत नाही. त्याऐवजी रेकॉर्डबरोबर मीच म्हणायला लागलो. त्यांच्या डोळ्यांसमोर, एकेक शब्द, ओठ स्पष्ट हलवून. माझा सूर कधी लागलेला नाही. काय निघत होतं ते शिवालाच माहीत.

आप्पा माझ्या ओठांकडे बघत राहिले. मग त्यांचा हात मांडीवर पडायला लागला, ठेक्यात. दुसऱ्या कडव्याला त्यांचेही ओठ हलायला लागले. म्हणाले, हेच की. हेच म्हणायची ती.

मधेच कधीतरी अॅम्प्लिफायरचा फ्यूज उडाला. संपल्यावर मकदूमने सांगितलं तेव्हा कळलं. अर्धं वचन मी एकटाच म्हणत होतो.

१५ मार्च, सोमवार

मकदूम नवा फ्यूज घेऊन आला. नंतर बघू म्हटलं. कानाच्या डॉक्टरांची गुरुवारची वेळ मिळाली. एका बॉक्सवर कमलम्माने ज्वारीचा डबा ठेवला आहे, उंची बरोबर बसते म्हणे.

आप्पांनी संध्याकाळी खुर्ची माझ्यासमोर ओढली आणि म्हणाले, म्हण की. म्हटलं. कमलम्मा म्हणाली, लई बेसूर म्हणता ओ, शेजारी विचारायलेत घरात कोण आजारी हाय. आप्पांची काही तक्रार नाही.