पडलेल्या सिनेमाला आपण दोघी

माझ्या आक्का,

रविवारी आपल्या घराच्या पुढच्या सोप्यात जे झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही. माहेरी फोनवर सांगून झालं, शेजारच्या मंगलला सांगून झालं, पण जिला सांगायचं ती माझी थोरली जाऊ घरात नाही. तुम्ही जाऊन दोन वर्षं होतील. एवढ्या दिवसांत मी कागद हातात घेतला नाही, कारण लिहायला बसले असते तर आधी माझी एक चूक लिहावी लागली असती. आज लिहिते. पण माझी खोड तुम्हाला माहीत आहे, आधी सिनेमाबद्दल बोलणार!

मागच्या आठवड्यात दुपारी टीव्हीवर तो केसांच्या तेलाचा सिनेमा लागला होता. टकल्या नवरदेवाला केस यावेत म्हणून अख्खं गाव तेल शोधत फिरतं, तो. कराडला आपण बघितला तेव्हा थिएटरात आपल्याला धरून नऊ माणसं होती आणि त्यातली दोन झोपलेली. पेपरवाल्यांनी त्याला धुऊन काढलं होतं. मी परत बघितला आणि माझं मत तेच राहिलं. तो सिनेमा विनोदामुळं पडला नाही. विनोद झाला की मागनं 'टुंई' करून वाजवतात ना, त्यानं पडला. आपण हसायला तोंड उघडतोय तोवर ते वाजतं. जणू कुणीतरी कोपर मारून सांगतंय, हस की! मग कोण हसेल? ते वाजवणं काढून टाका, सिनेमा आजही उभा राहील. हे मी कुणापुढंही बोलायला तयार आहे.

मी काय जाणकार नाही. दहावी करून उंब्रजजवळच्या या गावात आले, म्हशी बघितल्या, उसाला पाणी पाजलं. पण पडलेले विनोदी सिनेमे जेवढे आपण दोघींनी बघितलेत तेवढे या तालुक्यात कुणी बघितले नसतील. आणि का बघितले, हे तुमच्याशिवाय कुणाला सांगू?

मोठे भावजी फौजेतून सुट्टीवर आले आणि हायवेवर मोटारसायकलच्या अपघातात गेले. तुम्ही तेव्हा छत्तीस वर्षांच्या. बारा दिवस झाले, महिना झाला, वर्ष झालं. तुम्ही रडला नाहीत. सगळे म्हणायचे, सुमन खंबीर आहे. मी चुलीपाशी तुमच्या शेजारी बसायची, मला दिसायचं. भाकरी थापायची, तव्यावर टाकायची, ताटात वाढायची, आणि स्वतःची तशीच झाकून ठेवायची. सकाळी ती म्हशीच्या पाटीत जायची. औंधाकडच्या कोरड्या रानातनं आलेली तुम्ही बाई, भाकरीचा तुकडा कधी टाकू दिला नाही कुणाला, आणि स्वतःची भाकरी रोज म्हशीला!

तुमचे डोळे दुखतात म्हणून आपण कराडला डॉक्टरकडं गेलो, ते खरं होतं. डोळ्यांत औषध घालून त्यांनी दोन तासांनी परत बोलावलं. उन्हाचं कुठं बसायचं? समोर थिएटर होतं. आत गार असंल म्हणून मी तुम्हाला ओढत नेलं. तुम्ही पदर पार कपाळावर घेतलेला.

"रेखा, कोण बघंल गं."

"आवं आक्का, आत कुत्रं बी न्हाई. कोण बघतंय?"

सिनेमा कसला, तर लग्नातल्या बॅण्डवाल्यांना लोक क्रिकेटची टीम समजतात आणि खेळायला उतरवतात. कथा कच्ची, गाणी नकोशी. तुम्हाला तर औषधानं सगळं धूसर दिसत होतं. पण त्यात एक जाडा क्लॅरिनेटवाला होता. त्याच्याकडं चेंडू आला की तो आधी क्लॅरिनेट जपून खाली ठेवायचा, रुमालानं झाकायचा आणि मग पळायचा. तोवर चौकार! तिसऱ्यांदा त्यानं रुमाल काढला आणि माझ्या शेजारनं कसलातरी आवाज आला. मला वाटलं ठसका लागला. वळून बघते तर तुम्ही पदर तोंडात कोंबून हसत होता. खांदे हलत होते. दीड वर्षानं!

त्या दिवशी घरी येऊन तुम्ही दीड भाकरी खाल्लीत. मी मोजली.

मग काय, महिन्या-दीड महिन्यानं डोळे दुखायला लागले. सकाळी स्वयंपाक उरकायचा, वडापच्या जीपमध्ये कोंबून घ्यायचं आणि दुपारचा खेळ गाठायचा. चांगला चाललेला सिनेमा आपल्या कामाचा नव्हता. तिथं गावची माणसं भेटणार, कोण शेजारी बसलंय ते बघणार. पडलेल्या सिनेमाला कुणी नसायचं. तिथं विधवा बाईनं मोठ्यानं हसलं तर खुर्च्यांनी काय बोलायचं?

आणि तुमची नजर! माझी मतं मोठी, पण बघायला तुम्ही शिकवलंत. "हिरोकडं बघू नगंस, त्यो पैलवानागत नुसता हुभा हाय. त्या मागच्या बाईकडं बघ, ताट घिऊन हुबी हाय ती." आणि खरंच, ती ताटवाली बाई बोलत काही नसायची, पण हिरोच्या प्रत्येक वाक्याला तिचा चेहरा असा व्हायचा की आपण दोघी खल्लास. कितीही भंगार सिनेमा असू दे, त्यात एक तरी माणूस मनापासून काम करतो. तो सापडला की तुमचा दिवस चांगला जायचा. पेपरवाले त्या माणसाचं नाव कधी लिहीत नाहीत. का लिहीत नाहीत, आक्का? त्यांना दिसत नाही का त्यांना बघायचंच नसतं?

आता ती चूक.

डेअरीवरच्या कुणीतरी आपल्याला थिएटरातनं बाहेर पडताना बघितलं. संध्याकाळी मी तांदूळ निवडत होते, तुम्ही तुमच्या पोरीच्या, पूजाच्या, दप्तराचा पट्टा शिवत होता. आमचे हे कॉटवर बसलेले. सासूबाई, म्हणजे आत्या, रानातनं आल्या त्या तशाच दारात उभ्या राहिल्या.

"डोळ्याचा डागदर थेटरात बसतोय व्हय गं?"

आत्यांनी डोईवरचा भारा खाली टाकला.

"माझा ल्योक जाऊन दोन सालं न्हाई झाली. कुनाच्या डोस्क्यातनं निघालं ह्ये?"

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं, आक्का. आणि माझ्या तोंडातनं निघून गेलं, "आक्का म्हणाल्या चल, म्हणून मी गेले."

सुई थांबली तुमची. मला वाटलं आता तुम्ही माझ्याकडं बघाल. तुम्ही आत्यांकडं बघितलंत आणि म्हणालात, "व्हय. मीच न्हेलं तिला. ती नगं म्हनत हुती."

आत्या मग नाही नाही ते बोलल्या. तुम्ही पट्टा शिवून संपवला, दोरा दातानं तोडला आणि म्हशीची धार काढायला गेलात. मी तांदूळ निवडत राहिले. कितीही मोठ्या हिरोच्या सिनेमाला भंगार म्हणायला मी कधी घाबरले नाही, आणि घरात एक सरळ वाक्य मला बोलता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही माझ्याशी नेहमीसारख्या बोललात, तेच मला जास्त लागलं. भांडला असतात तर मी माफी तरी मागितली असती!

पाच महिने आपण कुठं गेलो नाही. आणि एका सकाळी तुम्ही नेसून तयार, आत्यांना सरळ सांगितलंत, "आत्या, आमी सिनेमाला चाललोय. आमटी झाकून ठेवलीया." मी दाराआड उभी. आत्या शेंगा फोडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "दिस मावळायच्या आत या." एवढंच! मी वडापमध्ये तुम्हाला किती खोदून विचारलं, हे कसं झालं? तुम्ही खिडकीबाहेर बघत बसलात. त्यानंतर पाच-सहा वर्षं आपण उजळ माथ्यानं सिनेमे बघितले, पण ते कसं झालं ते तुम्ही शेवटपर्यंत सांगितलं नाहीत.

दवाखान्यात मी ठरवून गेले होते. ऑपरेशन झालेलं, तुम्ही भिंतीकडं तोंड करून पडलेल्या. आज बोलायचं, त्या दिवसाचं बोलायचं. तुम्ही वळलात, म्हणालात, "काय बघितलंस का नवीन?" आणि मी सगळं गिळून तुम्हाला माणसांना घाबरणाऱ्या भुताच्या सिनेमाची गोष्ट सांगत बसले. "हसवू नगंस गं, टाकं दुखत्यात," म्हणत पोट धरून तुम्ही हसत होता. चौथ्या दिवशी ताप चढला आणि उतरलाच नाही. माझं बोलायचं राहिलं ते राहिलंच.

आता रविवारचं सांगते.

तुमची पूजा मोबाईलवर विनोदी व्हिडिओ करते. कराडला कॉलेज करते, आणि घरी आली की तुमचं लुगडं नेसून रेशनच्या रांगेतली बाई होते, डेअरीवर दुधाला फॅट कमी लागली म्हणून भांडणारी बाई होते. पाच-सहा केले. खरं सांगू? पडले. लोकांनी खाली काय काय लिहिलंय! हसू आलं नाही, हे बरं. 'आधी शेण काढायला शीक', 'आईबापाविना पोर अशीच जायची', हे पण आहे. पोरीनं ते वाचलं आणि दोन दिवस जेवली नाही.

रविवारी चुलत सासरे, आण्णा, मुद्दाम आले. पूजाला सोप्यात उभी केली.

"मेलेल्या आईचं लुगडं नेसून बाजारात नाचतीस? घराण्याची लाज हाय का न्हाई? कुनाला इचारून केलंस?"

ह्यांनी पण आवाज चढवला, "बोल की! कुनी शिकवलं तुला?"

पूजानं माझ्याकडं बघितलं. आणि लगेच नजर काढून घेतली. तुमची पोर ती! ती म्हणायला लागली, "मीच केलं काका, काकीला काय म्हाइती..."

पीठ लागलेल्या हातानं मी बाहेर आले. "मी शिकवलं," म्हटलं. "लुगडं मी काढून दिलं. मोबाईल मी धरते. आणि आण्णा, त्यातले पाच भंगार हायेत, ते पण मीच तिला सांगितलंय. रेशनचा तेवढा चांगला हाय, तुमी बघा, शेवटाला ती पिशवी उलटी धरती ते बघा. तिच्यात हाय काहीतरी. घराण्याची लाज जाणार असली तर माझ्या नावावर जाऊ द्या."

आण्णांनी चहा अर्धा ठेवला आणि गेले. हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी अंगणात पाठमोरे बसून मोबाईल बघत होते. मी मागनं बघितलं, रेशनचा व्हिडिओ होता. खांदे हलत होते.

पण आक्का, खरी गोष्ट पुढं आहे. त्याच रविवारी दुपारी मी आत्यांच्या पायाला तेल लावत होते. डोळे मिटलेले. मला वाटलं झोपल्या.

"आज बोललीस," त्या म्हणाल्या. "तवा न्हाई बोललीस."

माझा हात थांबला. "तुमाला ठाव हुतं?"

"तवाच कळलं. ती माझ्याकडं बघून बोलली, तू तांदळात बघून. मग एक दिस गोठ्यात मी सुमनला धरली. खरं सांग म्हनलं. तर मला म्हनली, आत्या, धाकटीचा नवरा घरात हाय, तिला रोज त्येच्या तोंडाला तोंड द्यायचंय. मला आता जाब इचारनारं कोन न्हाई, मला काय बी म्हना. तिला मोडू नगा."

त्या पुढं म्हणाल्या, "मी म्हनलं, सुमन, हसाया येतं तरी कसं गं तुला? तर म्हनली, येतं. आन घरी आल्यावर मग रडाया बी येतं. आदी त्ये बी येत न्हवतं. त्यावर मी काय बोलू? माझ्याबी ल्योकासाठी मला रडाया कुठं येत हुतं?"

आक्का, मला का नाही सांगितलंत? एवढी वर्षं मी समजत होते की तुम्ही मला मनातल्या मनात माफ केलं असेल, किंवा नसेल. तुम्ही तर त्याच क्षणी हिशेब सोडून मला पाठीशी घातलं होतं! थोडं चिडायला काय झालं होतं तुम्हाला? रागावते मी, खरंच रागावते. त्या दिवशी तेलाच्या हातानंच डोळे पुसले आणि डोळे झोंबले म्हणून आणखी रडले. आत्यांनी मला रडू दिलं.

पूजा काल परत गेली. जाताना म्हणाली, "काकी, आता चांगला करीन." मी म्हटलं, पुढचा पण पडंल बहुतेक, करत राहा.

तुम्हाला शब्द देते. तिचं काम भंगार झालं तर मी भंगारच म्हणेन, खोटं कौतुक करून तिला बिघडवणार नाही. पण ते तिच्या कानात म्हणेन. आणि दारात कुणी जाब विचारायला आलं, मग ते आण्णा असोत नाहीतर घरातलंच माणूस, तर पहिलं माझ्याशी बोलावं लागेल. मान वर करून बोलेन, समोरच्याकडं बघून.

तुमची धाकटी,
रेखा