तीन डॉलरचा पाळणा

मिलफोर्क, इंडियाना
९ जून १९९६

चि. जोलीन हिस लव्हॉनमावशीचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचेल तेव्हा तुला सातवा लागलेला असेल. पाय सुजतात म्हणून कुरकुरू नकोस. तुझी आईही अशीच कुरकुरायची. आता बातमी. तुझ्या बाळाला पाळणा मिळाला.

काल शनिवार, म्हणजे मॅक्सीन आणि मी लोकांच्या अंगणातले जुन्या सामानाचे सेल धुंडाळायला निघालो. आमच्या भागात नुसती प्लॅस्टिकची खेळणी. मॅक्सीन म्हणाली की टेकडीपलीकडे ओढ्याच्या रस्त्याला जाऊ, तिकडे अजून आपल्यासारखी गिधाडं पोचलेली नाहीत. रस्त्यावर चिखल फार होता. पण एका वळणावर बघतो तर काय, अख्खं घर अंगणात मांडलेलं. गाद्या, ताटं, खुर्च्या, कुंपणावर सतरंज्या, अक्रोडाच्या लाकडाचं मोठं कपाट आणि एक लाकडी पाळणा. कशालाही किंमत चिकटवलेली नाही. मॅक्सीनने मला चिमटाच काढला.

मालकीण रबरी बूट घालून नुसती उभी होती. पाळण्यात माझा जीव अडकला, पण चेहऱ्यावर दाखवेन तर मी लव्हॉन कसली. नाक मुरडून म्हटलं की लाकूड फुगलंय, यात आता जीव उरला नाही, जळणालाच जाणार. मॅक्सीनने कपाटाचे सांधे हलवून बघितले आणि हेही गेलंच म्हणाली. भाऊ गावाहून आला की त्याची गाडी नेऊन ते पडत्या भावात उचलायचा तिचा बेत आहे. मी तीन डॉलर पुढे केले. ती बाई नोटांकडे बघत राहिली आणि म्हणाली की तुम्ही म्हणताय तर न्या. घासाघीस नाही, काही नाही. मॅक्सीनला हिरव्या काचेचे वाडगे एका डॉलरात मिळाले. येताना आम्ही पोरींसारख्या हसत होतो.

पाळणा सावलीत छान वाळतोय. डीनला आशीर्वाद. म्हातारीवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
लव्हॉनमावशी

लिंकन, नेब्रास्का
१४ जून १९९६

ती. लव्हॉनमावशीस सा. न. वि. वि.

पाय सुजलेलेच आहेत आणि कुरकुरही चालू आहे. पाळण्याचं वाचून मी रडले. हल्ली मला साबणाच्या जाहिरातीनेही रडू येतं. डीन म्हणाला की तुझी मावशी चर्चमध्ये गेली तर बाकांचीही किंमत विचारून येईल.

मग त्याने तो ओढ्याचा रस्ता नेमका कुठला ते विचारलं. त्याचा भाऊ तिथून जवळच राहतो, म्हणून त्याला फोन केला. मावशी, तुम्ही गेलात त्याच्या दोनच दिवस आधी, गुरुवारी, वरच्या अंगाला जोराचा पाऊस झाला आणि ओढा त्या रस्त्यावरच्या घरांत शिरला. तिथे सेल नव्हताच. ती बाई आपलं घर वाळत घालत होती.

हे लिहायचं मी दोन दिवस टाळलं, कारण मला तो पाळणा हवा होता. अजूनही हवा आहे. पण त्यात बाळ निजवायचं माझ्याने होणार नाही. तू तो परत नेऊन देशील ना? रागावू नकोस, लोभ आहे तेवढाच राहू दे.

तुझी,
जोलीन

मिलफोर्क, इंडियाना
२० जून १९९६

चि. जोलीन हिस आशीर्वाद.

तुझं पत्र हातात घेऊन स्वयंपाकघरात उभीच राहिले. चिखल, रबरी बूट, कुंपणावरच्या सतरंज्या, सगळं मीच तुला लिहिलं होतं आणि मलाच दिसलं नव्हतं. फार लाज वाटली.

मॅक्सीनशी भांडण झालं. ती म्हणाली की बाईला तोंड होतं, नको म्हणायचं होतं. पैसे देऊन घेतलेल्या वस्तूची कधी चोरी होते का. मी फोन आपटला. काल सकाळी गाडी काढायला गेले तर ती माझ्या पायरीवर बसलेली, वाडगे वर्तमानपत्रात गुंडाळून मांडीवर घेतलेले. ती वाडग्यांसकट गाडीत येऊन बसली आणि पाळणा घेऊन आम्ही ओढ्याच्या रस्त्याला लागलो.

बाईचं नाव रोविना. अंगण रिकामं होतं, गवतावर नुसते पिवळे चौकोन राहिले होते. मी माफी मागितली तर तीच ओशाळली. तिला वाटलं होतं की आम्ही चर्चतर्फे मदतीला फिरणाऱ्या, खराब सामान नेऊन वर चार पैसे हातावर ठेवणाऱ्या बायका. आम्ही लाकडाला हात लावून बोललो तेव्हा तिला पटलं की यांना कळतं, आता आशा धरण्यात अर्थ नाही. त्याच संध्याकाळी कचऱ्याचा ट्रक आला आणि तिने उरलेलं सगळं चढवून दिलं.

जोलीन, मी भाव पाडायला तसं बोलले होते. आम्ही नेहमीच तसं बोलतो आणि विकणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. तिला ठाऊक नव्हतं, कारण ती काही विकतच नव्हती.

पाळणा तिच्या वडिलांनी केलेला. त्यावरून हात फिरवत ती म्हणाली की हा किती छान वाळलाय. मग तिने विचारलं की आजोबांचं कपाटही वाळलं असतं का. मॅक्सीन वाडग्यांवरचा कागद सोडू लागली. चार दिवसांच्या उन्हात ते ठणठणीत झालं असतं, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. मी सांगितलं की नाही, ते खरंच गेलं होतं. तिचे खांदे सैल झाले. जाणत्या माणसांनी सांगितलं ते बरं झालं, नाहीतर जन्मभर मनाला लागून राहिलं असतं, असं म्हणत तिने आम्हाला गार चहा दिला.

निघताना ती म्हणाली की घर पुन्हा भरायचं आहे, तर जुन्या सामानाची पारख करायला तुमच्याबरोबर आले तर चालेल का. नाही कसं म्हणणार? शनिवारी तिला घ्यायला जायचंय. मी चांगलं म्हणेन ते ती घेईल आणि वाईट म्हणेन ते खाली ठेवेल. मला आता तोंड उघडायचीच भीती वाटते.

तुझ्या बाळाला पाळणा नाही मिळाला, ग. तरी माया आहे तशी ठेव. मला सध्या तिची गरज आहे.

तुझी,
लव्हॉनमावशी