सुट्टीनिमित्त घर बंद आहे

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, अविवाहित, सरकारी इस्पितळाच्या कापडखान्याची निवृत्त प्रमुख, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्या पेनने आणि शेजारी बसून कोणी सांगत नसताना लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. इतर लोक हे वाक्य रीत म्हणून लिहितात; मला ते सिद्ध करावे लागत आहे. माझ्या भाच्याने, म्हणजे धाकट्या बहिणीच्या एकुलत्या मुलाने, माझे डोके फिरल्याचा अर्ज कोर्टात केला आहे. तो मंजूर झाला तर घर त्याच्या ताब्यात जाईल आणि मी त्याच्या फ्लॅटच्या बंद केलेल्या गॅलरीत. तेव्हा आधी त्या अर्जाबद्दल.

अर्जात म्हटले आहे की, गेल्या वर्षअखेरीस मी दारावर ‘सुट्टीनिमित्त घर बंद आहे’ अशी पाटी लावली, घरच्या माणसांना बाहेर ठेवून परक्यांना आत घेतले, आणि आतून मोठमोठ्याने हसण्याचे आवाज येत होते. सर्व खरे आहे. हसण्याच्या बाबतीत त्याने कमीच लिहिले आहे.

मी निवृत्त झाल्यापासून भाचा दर वर्षअखेरीस आठ दिवस अकरा माणसे घेऊन येत असे: बायको, मुले, सासू-सासरे, मेहुण्याचे कुटुंब, आणि सगळ्यांच्या मागे हातात पिशव्या घेतलेली माझी धाकटी. कारण काय, तर ‘मावशी एकटी असते, तिला तेवढाच आनंद.’ अकरा गाद्या, एक न्हाणीघर. मी पहाटे उठून चहा टाकायचा, धाकटीने कपबश्या विसळायच्या, आणि मावशी किती खुशीत आहे हे बाकीच्यांनी टेबलाशी बसून एकमेकांना सांगायचे. हा आनंद मी नऊ वर्षे भोगला.

दहाव्या वर्षी पाटी लावली. ते आले तेव्हा खिडकीतून झालेले बोलणे शब्दशः देते.

“मावशी, दार उघड. आम्ही आलोय.”

“दिसतंय. पाटी वाचलीस का?”

“चेष्टा पुरे झाली. पोरं गारठलीत बाहेर.”

“पोरांना दूध-बिस्किटं देते, मागच्या दाराने पाठव. बॅगा गाडीतच राहू देत.”

“म्हणजे?”

“म्हणजे दूध प्यायचं आणि आपापल्या घरी जायचं.”

यावर भाचेसून नवऱ्याला म्हणाली, “वय झालं की होतं हो असं.” मला ऐकू चांगले येते, हेही कोर्टाने नोंदवून घ्यावे.

संध्याकाळी भाचा डॉक्टर घेऊन आला. डॉक्टर आत आले, तो गाडीत बसला. त्यांनी विचारले, “आजी, आज वार कोणता?” मी म्हटले, “सोमवार. आणि मी तुमची आजी नव्हे.” त्यांनी विचारले, “घरच्या माणसांचा कंटाळा का येतो?” मी विचारले, “तुम्ही सुट्टी सोडून इथे कसे?” ते म्हणाले, “घरी सासरची मंडळी आलीत.” त्यानंतर ते पत्त्यांचे दोन डाव खेळून गेले, दोन्ही हरले, आणि मी पूर्ण शुद्धीवर असल्याचा दाखला देऊन गेले. तो सोबत जोडला आहे. भाच्याने दुसरा डॉक्टर शोधला. शोधू दे.

ते ‘परके’ म्हणजे इस्पितळाचा निवृत्त बॉयलरवाला आणि वॉर्डाचा निवृत्त आचारी. ते माझ्या घरी का हसत होते, हे सांगायचे तर एक कबुली द्यावी लागेल. ती मी धाकटीसाठी लिहीत आहे. बाकीच्यांनी हे पान उलटले तरी चालेल.

धाकटे, सव्वीस वर्षे तुला सांगत आले की मेट्रन माझा सूड घेते, एकटी बाई पाहून दर वर्षी सुट्टीतली ड्यूटी माझ्याच गळ्यात मारते. ते खोटे होते. ती ड्यूटी मी मागून घेत होते. ‘सुट्टीच्या आठवड्यातील ड्यूटी मला मिळावी, ही विनंती’ असे माझ्या हस्ताक्षरातले सव्वीस अर्ज इस्पितळाच्या फायलीत आहेत. त्या दिवसांत वॉर्ड निम्मे रिकामे असत, चादरी थोड्या येत. आम्ही तिघे नुकत्याच वाळलेल्या गरम चादरींच्या ढिगाला टेकून जेवायचो, पत्ते कुटायचो आणि साहेबांच्या नकला करायचो. आयुष्यात मी सर्वांत जास्त हसले ते तिथे. तू मात्र दर वर्षी डबा पाठवायचीस आणि आत चिठ्ठी, ‘ताई, सोस थोडं.’ डबा आम्ही तिघे वाटून खायचो. चिठ्ठी मी कोणाला दाखवली नाही.

कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी मला दोन गोष्टी शिकवल्या होत्या, खोटे बोलू नये आणि चादरीचा कोपरा कसा मुडपावा. दुसरी मी जन्मभर पाळली. मेट्रन स्वभावाने गरीब होती, तिला मी उगाच राक्षसीण करून ठेवले. तिची माफी मागते. तुझी मागत नाही. खरे सांगितले असते तर तू विचारले असतेस, “मग मी कुठे जाऊ?” आणि तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते. आता आहे.

आता वाटणी. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

रफूचे मशीन आणि मोठी कात्री बॉयलरवाल्याला. तो शिवणात माझ्यापेक्षा सरस होता. मी नोकरीत असताना हे कबूल केले नाही.

अकरा गाद्या, अकरा उशा आणि चाळीस कपांची किटली भाचेसुनेला, म्हणजे माणसे तिच्याकडे जमतील. बँकेतली शिल्लक भाच्याच्या मुलांना, सज्ञान झाल्यावर, समसमान. त्यांनी त्या दिवशी दूध पिऊन कप विसळून ठेवले होते.

भाच्याला ती पाटी. ती त्याने स्वतःच्या दारावर लावून पाहावी.

घर, मागच्या अंगणासह, धाकटीला. तिने तिथे हयातभर राहावे. ते विकण्याचा, गहाण टाकण्याचा किंवा मुलाच्या नावे करण्याचा अधिकार तिला मी मुद्दाम देत नाही, कारण कोणी डोळ्यांत पाणी आणून कागद पुढे केला की ती सही करते. तिच्यामागे घर इस्पितळाच्या कर्मचारी संघाला, सुट्टीत घरी जायची इच्छा नसलेल्या माणसांसाठी.

धाकटे, त्या दिवशी तू गाडीत मागच्या सीटवर, मांडीवर पिशवी घेऊन बसली होतीस. आतला आवाज ऐकून तू रुमाल तोंडाला लावून हसलीस, ते मी पाहिले. मी हाताने बोलावले. तू मुलाच्या पाठीकडे बघितलेस आणि मान हलवलीस.

म्हणून काल बॉयलरवाल्याकडून पुढच्या दाराची आतली कडी काढून दीड हात खाली बसवून घेतली. तुझा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. आता ती तुला लावता येईल. आधी लावून बघ. उघडायची की नाही ते नंतर ठरव. आणि यासाठी माझ्या मरणाची वाट बघायची गरज नाही, म्हणून याची एक प्रत आजच तुला पाठवते आहे. आजपासून सुट्टी लागली आहे, मी घरात आहे.

वरील मजकूर मी स्वतः वाचला, मला तो पसंत आहे, एक शब्दही मागे घेत नाही.

स्थळ: माझ्या घरी, जेवणाच्या टेबलाशी
दिनांक: २३ डिसेंबर, सकाळी दहा

(सही)
ताई

आमच्यासमोर, पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून सही केली:

साक्षीदार १: (सही) वॉर्डाचा निवृत्त आचारी
साक्षीदार २: (सही) दाखला देणारे डॉक्टर