जुनं पायथन ओतून दिलं त्याची हकीकत

ज्ञानदीप कॉलनी,
छत्रपती संभाजीनगर
सोमवार, २७ मे २०२४

प्रिय मित्र तात्यासाहेब यांसी,

वैजनाथचा, या वयात कंबरेला झेपेल तितका वाकून नमस्कार. आपली तब्येत, द्वारकावहिनींचे गुडघे आणि पाचोडची मोसंबीची झाडं, हे तिन्ही या उन्हाळ्यात टिकून असतील अशी आशा आहे. आम्ही दोघं ठीक आहोत. आज सकाळी मी बऱ्याच दिवसांनी पोटभर पोहे खाल्ले आणि खाताना एकदाही उसासा टाकला नाही, त्यावरून संकट टळलं हे आपण ओळखालच. कोणतं संकट, तेच सांगायला हा कागद घेतला आहे. (आपल्या चिरंजीव विश्वजीतनं पुण्याहून फोनवर आधीच सांगितलं असेल, तर ते विसरून माझ्याकडून ऐका. मुलगा हुशार आहे, पण हकीकत रंगवणं त्याच्या कंपनीत शिकवत नसावेत.)

आमच्या कॉलनीत नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं, मधले दिवस टँकरवर. टँकर वळणावर सांडूअण्णांच्या फाटकासमोर थांबतो, कारण ते कॉलनीचे अध्यक्ष आहेत. आणि ते अध्यक्ष आहेत, कारण त्यांचं घर वळणावर आहे. तिथून पाइप सरकत सरकत मागच्या गल्लीत मनकर्णाबाईंच्या दारापर्यंत पोचतो तेव्हा टँकरमध्ये नुसता आवाज उरलेला असतो. बाई एकट्या, थकलेल्या. दोन बादल्या घेऊन उन्हात उभ्या राहतात आणि बऱ्याचदा त्या बादल्या तशाच घरात नेतात. माझ्यानं बघवेना. गेल्या आठवड्यातल्या बैठकीत मी उभा राहिलो. समतेपासून निघालो, मलिक अंबरच्या नहरीपर्यंत जाऊन आलो, आणि भरात बोलून गेलो की येत्या रविवारपासून टँकरचा क्रम संगणक लावील, दर फेरीला नवा, कुणाचं तोंड न बघता. आणि हे जमलं नाही तर हा वैजनाथ जन्मात पुन्हा माईक हातात धरणार नाही. टाळ्या पडल्या. दुसऱ्या वाक्याला जास्त पडल्या, आणि सांडूअण्णांच्या सगळ्यांत शेवटी थांबल्या.

प्रोग्रॅम विश्वजीतनं लिहून दिला, जेवणाच्या सुट्टीत. तो म्हणाला, "काका, काही अवघड नाय. तुमच्या मशीनवर पायथन जुनं आहे, नवं टाका, दोन-चार पॅकेजं टाका, झालं." (पायथन ही संगणकाला हुकूम सोडायची एक भाषा आहे. पॅकेज म्हणजे दुसऱ्या कुणीतरी आधीच करून ठेवलेलं काम, जे आपण आपल्या घरात आणून मांडायचं. इतकं मलाही समजलं आहे. यापुढं समजून घेण्याची माझी इच्छा उरलेली नाही.)

आता आपल्याला आठवत असेल, कंपन्यांच्या गुलामगिरीवर मी एक व्याख्यानमाला दिली होती. तिला विश्वजीत येऊन बसला होता, आणि त्यानं घरी येऊन माझ्या संगणकावर कुठल्याच कंपनीच्या मालकीची नसलेली, जगभरच्या लोकांनी मिळून केलेली प्रणाली बसवून दिली. तत्त्व म्हणून मला ती अतिशय प्रिय आहे. वापरायला ती कशी आहे हे मला गेल्या आठवड्यापर्यंत ठाऊक नव्हतं, कारण मी तिच्यावर फक्त भाषणं टाइप करत होतो. इथं सगळा कारभार एका काळ्या खिडकीत हुकूम लिहून चालतो, आणि हुकमाच्या आधी 'सुडो' हा शब्द लावला की कोणीही सोम्यागोम्या सर्वसत्ताधीश होतो. आणीबाणीला विरोध केलेल्या माणसाला हा शब्द लिहिताना काय वाटलं असेल! बरं, पासवर्ड विचारतो आणि आपण लिहिलेलं एकही अक्षर दाखवत नाही. मला वाटलं कळफलक मेला. मी तो उलटा करून आपटला, त्यातून शेंगदाण्याची फोलपटं पडली आणि एक टाचणी सापडली. विश्वजीत म्हणाला, "काका, दिसत नाय, पण उमटतंय." अशा कारभाराला आम्ही पूर्वी गुप्तहेर खातं म्हणायचो.

मग पॅकेजं. एकाला बोलावलं, तर तो म्हणाला माझ्यासोबत हे आठ जण येणार, त्यांच्याशिवाय माझं पान हलत नाही. आणि त्या आठांचे आणखी पाहुणे. स्वावलंबनावर उभ्या महाराष्ट्रात बोललेला माणूस मी! पडद्यासमोर उभा राहून त्या पॅकेजला दोन शब्द सुनावले. आतून प्रमोदिनी म्हणाली, "त्याला ऐकू येत नाही हो. होय म्हणा आणि पुढं चला." होय म्हणालो. सगळं वऱ्हाड उतरलं.

इथपर्यंत ठीक होतं. पण प्रोग्रॅम चालवला, तर तो हटून बसला की मला नवं पायथन हवं, आणि संगणक प्रत्येक वेळी जुन्यालाच पुढं करत होता. मी संतापलो. नवा माणूस निवडून आला तरी जुना खुर्ची सोडत नाही, हे आपण उभा जन्म पाहिलं, आता घरातल्या टेबलावरही तेच? मी विश्वजीतला न विचारता (तो मीटिंगमध्ये होता, हल्लीची मुलं मीटिंगमध्येच राहतात) जुनं पायथन काढून टाकायचा हुकूम लिहिला. त्याच क्षणी प्रमोदिनी हंडा घेऊन मागून जात होती. पडद्याकडं बघून म्हणाली, "नवं आलं म्हणून जुनं ओतून द्यायचं का? औरंगपुऱ्यात तर काय काय बोलला होतात."

तात्यासाहेब, माझं ते भाषण आपण जाणताच. आपल्याकडं नळाला पाणी आलं की बायका भरलेले हंडे 'शिळं झालं' म्हणून मोरीत ओततात आणि ताजं भरतात. या दुष्काळात! या वेडाविरुद्ध मी औरंगपुऱ्यात बोललो, अजिंठ्यात बोललो, पाणी शिळं होत नाही, हे घसा बसेपर्यंत सांगितलं. पण त्या क्षणी मी पत्नीला म्हणालो, "ते पाणी, हे विज्ञान." संगणकानं याबरोबर आणखी काय काय जाईल त्याची लांबलचक जंत्री समोर ठेवली आणि विचारलं, खरंच? पुस्तकांच्या तळटीपाही न सोडणारा मी, तिच्यातली एक ओळ न वाचता होय म्हणालो.

एवढ्यावर थांबलो असतो तर मी वैजनाथ कसला? कुठंतरी वाचलं होतं की संगणक आजवर उतरवलेल्या पॅकेजांच्या जुन्या प्रती आतल्या एका कोठीत साठवून ठेवतो. म्हटलं, ही साठेबाजीही मोडून काढू. कोठी रिकामी करायचा हुकूम लिहिला, एन्टर दाबायला बोट उचललं, आणि गल्लीतून आरोळी आली, "पाणी आलं!" पुढचं आपल्याला सांगायला नको. नळ आला की या शहरात माणूस हातातला घास टाकून धावतो. आमच्या हॉलमध्ये जाड पिनेचं सॉकेट एकच. त्यावर संगणक चालतो, आणि त्यावरच पाण्याची मोटर. प्रमोदिनीनं मागंपुढं न पाहता माझी पिन उपटली आणि मोटरची खुपसली. मी ओरडलो. काय बोललो ते इथं लिहीत नाही, पण त्यात ज्ञान, अज्ञान आणि स्वयंपाकघर हे शब्द होते.

टाकी भरली, संगणक लावला, आणि पडदा काळा. चित्र नाही, खिडकी नाही, माझी भाषणं नाहीत. वर कोपऱ्यात एक पांढरी रेघ उघडझाप करत होती. जुनं पायथन हे त्या घराचं जोतं होतं, हे मला तेव्हा कळलं. त्यात नव्या पाइपलाइनसाठी रस्ता खोदणाऱ्या जेसीबीनं नेटची तार तोडलेली, म्हणजे बाहेरून काही आणायचीही सोय नाही. शुक्रवार उलटत होता. मी माझं निरोपाचं भाषण मनात जुळवू लागलो. ते इतकं चांगलं होऊ लागलं की मलाच भीती वाटली.

शेवटी विश्वजीतला फोन केला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "काका, खरं सांगा. कोठी रिकामी केली का?"

"करणार होतो. तुझ्या काकूनं पिन काढली."

"काकूंना फोन द्या," तो म्हणाला, आणि त्यानं तिला फोनवरून नमस्कार केला.

त्या कोठीतल्या जुन्या प्रतींवरच सगळं पुन्हा उभं राहिलं. तो सांगत होता, मी लिहीत होतो, आणि पडद्यावर येईल ते वाचून दाखवत होतो. "काका, हळू, सभा नाय ही," असं तो सारखा म्हणत होता. पण त्याच्या शेजारी बसणाऱ्यांना माझं वाचन आवडलं असं कळतं. जुनं पायथन आपल्या जागी बसलं. नव्याला त्यानं त्याच घरात वेगळी खोली काढून दिली, कुणाचा कुणाला त्रास नाही. अशी सोय आधीपासूनच होती म्हणे. मला कुणी सांगितलं नाही.

काल रविवारी टँकर आला. मी फाटकाशी उभं राहून क्रम वाचला. पहिलं घर मनकर्णाबाईंचं. बाईंना खरंच वाटेना. दोन बादल्या भरल्या, पिंप भरलं, मग त्यांनी पातेलीसुद्धा आणली. सांडूअण्णा मधे कुठंतरी, आणि आम्ही शेवटी. टँकरच्या तळातून अर्धं पिंप निघालं, गाळासकट. सांडूअण्णा पोट धरून हसले. "सर, मशीन तुमचं, पोरगं तुमच्या दोस्ताचं, अन् नंबर शेवटचा? लई इमानदार निघालं की हो!" पुढच्या रविवारी पण हेच मशीन, असं तेच सगळ्यांना सांगत सुटले. इतकी वर्षं बोलून जे जमलं नाही, ते शेवटी उभं राहून जमलं. मला हलकं वाटत आहे, तात्यासाहेब. माईक वाचला.

वहिनींना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद, आणि आपल्या कोरड्या विहिरीला शुभेच्छा.

आपला,
वैजनाथ

ता.क. पाचोडला बाजाराच्या दिवशी आपण माझं 'पाणी शिळं होत नाही' हे भाषण ठेवलं आहे. विषय बदलून 'वाचनाचं महत्त्व' करता येईल का? पत्रिका छापल्या असतील तर निदान विश्वजीतला त्या दिवशी गावी येऊ देऊ नका. पत्र लिहायचं खरं कारण एवढंच.

ता.क. चा ता.क. प्रमोदिनीला मी, पाचोडच्या एसटीचं दुसरं तिकीट मिळत नाही, असं सांगितलं आहे. आपणही तसंच सांगावं.

भाऊजी, पाकीट डकवायला माझ्याकडं आलं म्हणून माझ्या चार ओळी. पाचोडच्या एसटीला आधी तिकीट काढावं लागत नाही, हे मला माहीत आहे. मी येते आहे, पुढच्या ओळीत बसणार आहे. विषय बदलू नका. ह्यांना रोज सकाळी चहा ताज्याच पाण्याचा लागतो, "आजचं आहे ना?" असं विचारल्याशिवाय कप तोंडाला लावत नाहीत. मी लग्न झाल्यापासून होय म्हणते आणि कोपऱ्यातल्या जुन्या पिंपातलं पाणी टाकते. ह्यांना एकदाही कळलेलं नाही. तेव्हा भाषण खरं आहे, बिनधास्त ठेवा. —प्रमोदिनी