कापसाच्या ढिगातली घटपर्णी

४ जानेवारी २००७
पुन्हा लोडशेडिंग! बल्ब विझला, काचेची पेटी गार. आत माझी घटपर्णी, मेघालयातली, किडे खाणारी. झाड कॉलेजचं, एम.एस्सी.चा प्रोजेक्ट माझा: हिवाळाभर तिला ऊब देऊन जगवायचं. मेली तर वर्ष गेलं. आणि लग्नानंतर शिकायला मला मिळालंय ते हे एकच वर्ष.

सासूबाई पेटीत डोकावल्या. "अळ्या खाते म्हन्तं ना? मंग वावरात लाव. पऱ्हाटीवर काय कमी हायेत?"

जिल्ह्याचा कापूस अळ्या खाताहेत, आणि अळ्या खाणारी आमची बाईसाहेब थंडीनं आजारी!

५ जानेवारी
युक्ती सापडली, तीही सासऱ्यांना! पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस. भाव चढेपर्यंत तो तिथं ऐसपैस, आम्ही मागं दाटीवाटीनं. मामंजी म्हणाले, "रातच्यानं पेटी ढिगात खुपस. दिवसा उन्हात काढ." एवढं शिकून मला सुचलं नाही.

१० जानेवारी
पानाच्या टोकाला नवा घडा येतोय! जुन्या घड्यात कापसातला एक लाल ढेकूण बुडालेला. यंदा घरात अंग धरलंय ते तिनंच.

१५ जानेवारी
भाव चढला. गावभर गाड्या भरताहेत. व्यापारी आमच्याही दारात. म्हटलं, झालं — आता पुन्हा बल्ब!

सासूबाईंचा आवाज: "नाई द्याचा अजून. सुनेची परीक्षा हाय."

"परीक्षेचा न कापसाचा काय संबंध, बाई?"

"तुले नाई समजनार."

चुलीपाशी बसून रडले. भाकरी करपली.

२१ जानेवारी
उद्यापासून यवतमाळला प्रॅक्टिकल. पेटी सासूबाईंच्या ओटीत घातली. "लेकरावानी जपीन, जाय तू."

२६ जानेवारी
परत आले. सासूबाई हरखलेल्या. थंडी वाढली म्हणून पेटी ढिगातून काढलीच नाही म्हणे — दिवसासुद्धा! वर रोज सांजेला गरम पाण्याची पिशवी पेटीत. "एक डाव बी गार नाई होऊ देल्ली!"

"बरं केलंत," म्हणाले. त्यांच्यासमोर पेटी उघडायचा धीर झाला नाही.

२७ जानेवारी
सकाळी पेटी उघडली. घटपर्णी शिजलेल्या भाजीसारखी झालीय.

बाहेर व्यापारी. भाव उतरतोय म्हणतो. सासूबाई त्याला परत पाठवताहेत — "आठ दिस थांब."

मी पेटी पुन्हा कापसात खुपसली.